घरगुती पर्यायी वीजपुरवठा आणि विद्युत सुरक्षा नियम : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विशेषतः २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील घरोघरी इन्व्हर्टर आणि लहान जनित्रे आली. या साधनांची जोडणी घरातील विद्युतसंचाशी कशी करावी, याविषयीचे नियम मात्र ज्या काळात तयार झाले, त्या काळात वीज केवळ कंपनीकडून ग्राहकाकडे वाहते असे गृहीत धरलेले होते. प्रस्तुत शोधनिबंधात १८८७ च्या कायद्यापासून २०२३ च्या विनियमांपर्यंतच्या तरतुदींचा या दृष्टीने आढावा घेण्यात आला आहे. नियमांनी प्रदीर्घ काळ यंत्राच्या क्षमतेकडे लक्ष दिले, परंतु धोका निर्माण होतो तो जोडणीच्या ठिकाणी, आणि त्या धोक्याचा भार खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर पडला, असे या अभ्यासातून दिसून येते.

सूचक शब्द : भारनियमन, इन्व्हर्टर, जनित्र, चेंजओव्हर स्विच, भारतीय विद्युत नियम १९५६, तारतंत्री.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्याचा भर प्रामुख्याने निर्मितीवर आहे. टाटांचा खोपोलीचा जलविद्युत प्रकल्प, कोयना, दाभोळचा वादग्रस्त करार, वीज मंडळाचे विभाजन हे या लेखनाचे नेहमीचे विषय होत. वीज घरात आल्यानंतर मीटरच्या पलीकडे तिचे काय होते, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः कायदा आणि सामान्य माणूस यांची विजेच्या संदर्भातील भेट होते ती मीटरजवळच. घरमालकाने कोणते उपकरण कोठे जोडावे, ते काम कोणी करावे, त्याची तपासणी कोणी करावी, हे प्रश्न तांत्रिक वाटले तरी त्यांमागे राज्यसंस्था, बाजारपेठ आणि श्रमिक यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास आहे.

पर्यायी वीजपुरवठा हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. येथे 'पर्यायी पुरवठा' या संज्ञेत मुख्य पुरवठा खंडित झाल्यावर घरातील उपकरणे चालविणारे पेट्रोल, केरोसीन वा डिझेलवरील जनित्र, तसेच बॅटरीत साठविलेली वीज पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतरित करणारा इन्व्हर्टर, या दोहोंचा समावेश केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. घरगुती विद्युतसंचाविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२. भारनियमनाच्या काळात पर्यायी पुरवठ्याच्या जोडणीबाबत नियम आणि व्यवहार यांत पडलेले अंतर स्पष्ट करणे.
३. छतावरील सौरऊर्जेच्या आगमनानंतर या नियमांत झालेल्या बदलाची कारणमीमांसा करणे.

विद्युत कायद्याची जडणघडण

भारतातील विजेविषयीचा पहिला कायदा १८८७ चा. विजेच्या वापरातून व्यक्ती आणि मालमत्ता यांना पोहोचणाऱ्या अपायापासून संरक्षण देणे हा त्याचा घोषित हेतू होता. पुरवठादारांना परवाने देण्याची व्यवस्था पुढे १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाने तिला स्थिर रूप दिले. सुरक्षिततेचा विचार आधी आणि व्यवसायाचा विचार नंतर, असा हा क्रम लक्षणीय आहे. तथापि १९१० च्या कायद्याने परवानाधारक कंपनी आणि ग्राहक असे जे दोन पक्ष कल्पिले, त्यांत वीज देणारा एक आणि घेणारा दुसरा होता. ग्राहक स्वतःच्या घरातून तारांवर वीज चढवू शकेल, ही कल्पना त्या रचनेत नव्हती.

ही रचना त्या काळाला धरूनच होती. घरगुती ग्राहक हा दिव्यांचा ग्राहक होता. वीज गेली तर घरात कंदील होता. ज्यांच्याकडे स्वतःची जनित्रे होती ते गिरणीमालक, संस्थानिक, चित्रपटगृहांचे चालक असे मोजके लोक होते आणि त्यांच्या यंत्रांवर देखरेख ठेवण्यास प्रशिक्षित माणसे असत. त्यामुळे पर्यायी पुरवठ्याचा प्रश्न कायद्यासमोर आला तो मोठ्या यंत्रांच्या रूपाने.

१९५६ चे नियम आणि क्षमतेची मर्यादा

स्वातंत्र्योत्तर काळात १९१० च्या अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये भारतीय विद्युत नियम, १९५६ तयार झाले. पुढे सुमारे अर्धशतक देशातील विद्युत सुरक्षिततेचा डोलारा याच नियमांवर उभा होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील पाच नियम महत्त्वाचे ठरतात.

नियम ४५ नुसार दिवा, पंखा, फ्यूज, बटण वा घरगुती उपकरण बदलण्यासारखे किरकोळ काम वगळता, संचातील कोणतीही वाढ, बदल वा दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करून घेणे बंधनकारक होते. संचाची क्षमता वा स्वरूप ज्यामुळे बदलत नाही, तेवढेच काम घरमालकाला मोकळे होते. या कसोटीवर पाहता घरातील वायरिंग तोडून काही दिवे-पंखे वेगळ्या मार्गावर घेणे आणि तो मार्ग इन्व्हर्टरला जोडणे हे संचाचे स्वरूप बदलणारेच काम होय.

नियम ४७-अ हा जनित्रांविषयी होता. ग्राहकाने जनित्र बसविल्यास ते सुरू करण्यापूर्वी ३० दिवस पुरवठादार आणि विद्युत निरीक्षक या दोघांनाही सूचना द्यावी, आणि १० किलोवॅटपेक्षा अधिक क्षमतेचे जनित्र निरीक्षकाच्या लेखी मान्यतेशिवाय सुरू करू नये, अशी ही तरतूद होती. नियम ६१ ने जनित्राच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र भूयोजने म्हणजे अर्थिंग देणे आवश्यक केले. नियम ३६ ने तारांवर काम करणाऱ्या माणसाचा विचार केला होता. काम सुरू असताना तार अनवधानाने विद्युतभारित होऊ नये यासाठी ती भूयोजित करावी आणि कर्मचाऱ्यास हातमोजे, पट्टा, शिडी, भूयोजनाची साधने पुरवावीत, असे त्यात म्हटले होते. नियम २९ ने भारतीय मानकांचा आणि राष्ट्रीय विद्युत संहितेचा उल्लेख केला होता.

या तरतुदी एकत्र वाचल्या असता एक गोष्ट ध्यानात येते. निरीक्षकाची पूर्वमान्यता १० किलोवॅटच्या वर सुरू होत होती. घरगुती जनित्र सामान्यतः १ ते ५ किलोवॅटचे. त्याच्याबाबत उरली ती केवळ सूचना देण्याची जबाबदारी. इन्व्हर्टरचे तर याहून वेगळे होते. तो वीज निर्माण करीत नाही. कंपनीचीच वीज बॅटरीत साठवून तो नंतर परत देतो. त्यामुळे त्याला 'जनित्र' म्हणावे की 'घरगुती उपकरण', हा प्रश्न नियमांच्या शब्दांतून सुटत नव्हता. दुकानात मात्र तो पंखा, मिक्सर यांच्या शेजारी मांडलेला असे आणि ग्राहकही त्याला उपकरणच समजत असे.

भारनियमन आणि घरोघरचा पर्यायी पुरवठा

दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने त्याची वीज घेणे थांबविले. मागणी वाढत गेली, निर्मितीत त्या प्रमाणात भर पडली नाही. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या, त्याच सुमारास भारनियमन हा मराठी कुटुंबाच्या दिनक्रमाचा भाग बनला. वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणानुसार विभागांचे गट पाडून वेळापत्रके लावली जात. ग्रामीण भागात ही टाळेबंदी अधिक तासांची असे. मुंबई शहर त्यातून बहुतांशी मुक्त होते. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून शहराचे भारनियमन टाळण्याचा प्रयोग केला, तो 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखला गेला. हा प्रयोग वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने झाला. घराघरांतील लाखमोलाच्या गरजेला मात्र अशी कोणतीही मान्यता लागत नव्हती.

परीक्षेचा अभ्यास, दुकानाचा गल्ला, दवाखाना, पिठाची गिरणी या सर्वांना वीज हवी होती. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी गणिताने १.८ युनिट वीज साठविते. रूपांतरातील तूट वजा जाता चार पंखे आणि चार नळ्या, म्हणजे सुमारे ४०० वॅटचा भार, ती तीनेक तास चालविते. त्यामुळे घरातील उपकरणांची सरळ विभागणी करावी लागली. ५ अँपिअरच्या मार्गावरील दिवे, पंखे, दूरदर्शन संच हे 'इन्व्हर्टरच्या लाइनवर' गेले. १५ अँपिअरच्या प्लगवरील गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि बहुधा फ्रीजसुद्धा बाहेर राहिले. ही विभागणी कोणत्याही अधिकाऱ्याने सांगितलेली नव्हती. ती बॅटरीच्या मर्यादेतून आली आणि वायरमनच्या हातून भिंतीवर उमटली. एका अर्थाने वायरमन हाच त्या काळातील संहितेचा भाष्यकार होता.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून 'तारतंत्री' वा 'वीजतंत्री' हा अभ्यासक्रम पूर्ण करून शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना घेतलेले कारागीर या कामात होते, तसेच दुकानात उमेदवारी करून हात बसलेले, परवाना नसलेले कारागीरही होते. ग्राहकाच्या दृष्टीने दोघेही 'वायरमन'च. इन्व्हर्टर विकणाऱ्या दुकानाकडूनच जोडणी करून मिळत असल्याने ठेकेदाराचा चाचणी अहवाल, निरीक्षकाची नोंद या गोष्टी व्यवहारात मागे पडल्या.

उलटा पुरवठा : धोक्याचे स्वरूप

पर्यायी पुरवठ्याच्या जोडणीत मूळ तत्त्व एकच आहे. घराचा संच एका वेळी एकाच स्रोताला जोडलेला असला पाहिजे. यासाठी चेंजओव्हर स्विच वापरतात. त्याची मूठ एका बाजूला असता महावितरणचा पुरवठा आणि दुसऱ्या बाजूला असता जनित्राचा पुरवठा मिळतो. मध्ये दोन्ही तुटलेले असतात. एकफेजी घरात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र तुटतील असा दोन ध्रुवांचा, तर त्रिफेजी संचात चार ध्रुवांचा स्विच योग्य ठरतो. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये हेच काम आतील रिले करतो. पुरवठा जाताच तो आधी बाहेरची बाजू तोडतो आणि मग बॅटरीची वीज देतो.

स्विचचा खर्च आणि वायरिंग बदलण्याची खटपट टाळण्यासाठी लहान जनित्रांच्या बाबतीत एक सोपी पण घातक युक्ती वापरली जाते. दोन्ही टोकांना प्लग असलेली तार घेऊन एक टोक जनित्राला आणि दुसरे घरातील सॉकेटला जोडायचे. अशाने संपूर्ण घर उजळते. परंतु मेन स्विच बंद करण्यास विसर पडला, तर वीज मीटरमधून उलट रस्त्यावरील तारांवर जाते. वितरण रोहित्र ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते, म्हणजे एका फेजला सुमारे २५० व्होल्ट. हे गुणोत्तर सुमारे ४४ चे आहे. रोहित्राला दिशा कळत नाही. खालच्या बाजूने २३० व्होल्ट दिल्यास वरच्या बाजूस सुमारे १०,००० व्होल्ट उभे राहू शकतात.

असे अपघात रोज का होत नाहीत, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बहुतेक वेळा शेजारच्या घरांचा भार त्या लहान जनित्रावर पडतो आणि ते बंद पडते. परंतु तार तुटलेली असेल, रोहित्रावरील फ्यूज काढलेला असेल, किंवा त्या मार्गावर मोजकीच घरे उरली असतील, तर जनित्र तग धरते. नेमकी हीच दुरुस्तीची वेळ असते. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या दृष्टीने तार मृत असते, कारण फ्यूज त्याने स्वतःच्या हाताने काढलेला असतो. नियम ३६ मधील भूयोजन हे त्याचे शेवटचे संरक्षण. वादळी पावसात, अपुऱ्या साधनांनिशी, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जाताना ते प्रत्येक वेळी केले जाईलच, याची शाश्वती नियमाला देता येत नाही.

येथे नियमाची मर्यादा स्पष्ट होते. २ किलोवॅटचे जनित्र आणि २०० किलोवॅटचे जनित्र यांत खांबावरील माणसाच्या दृष्टीने फरक नाही. प्राण घेण्यास दोन्ही पुरेसे आहेत. फरक आहे तो योग्य स्विच असलेल्या आणि नसलेल्या जोडणीत. नियमाने मात्र क्षमतेची रेषा आखली आणि त्या रेषेखालील जोडणी घरमालकाच्या विवेकावर सोपविली.

न्यायालयीन दृष्टिकोनाचाही येथे विचार करावा लागतो. २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीजवाहक तारेमुळे झालेल्या मृत्यूबाबत पुरवठादारावर कठोर दायित्व ठेवले. तिऱ्हाइताने वीज चोरून नेल्यामुळे अपघात झाला, ही सबब मान्य झाली नाही. धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याने तिची जबाबदारी घ्यावी, हे त्यामागील तत्त्व होय. तारेत आलेली वीज मंडळाची नसून एखाद्या घरातील जनित्राची असेल, तर हेच तत्त्व त्या घराच्या दिशेने वळते. पर्यायी पुरवठा बाळगणारा ग्राहक हा तेवढ्यापुरता पुरवठादारच असतो.

मानके : बंधन आणि शिफारस

नियमांनी जे सोडले ते मानकांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. विद्युत वायरिंगची कार्यसंहिता आय.एस. ७३२, भूयोजनाची आय.एस. ३०४३, आणि १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय विद्युत संहिता ही त्यांतील प्रमुख. बॅटरीवरील इन्व्हर्टरसाठी १९९२ मध्ये आय.एस. १३३१४ हे मानक आले. २०११ मध्ये सुधारित झालेल्या राष्ट्रीय विद्युत संहितेचा दुसरा भाग पर्यायी जनित्र केंद्रांसाठी आहे, तर घरांचा विचार तिसऱ्या भागात येतो.

परंतु नियम २९ मध्ये साहित्य मानकांनुसार असावे असे म्हणताना, कार्यसंहिता मात्र 'पाळता येतील' अशा सौम्य शब्दांत सांगितल्या होत्या. बाजारातील वस्तूवर मानकाची मुद्रा असू शकते, पण भिंतीतील जोडणीवर ती नसते. ५ के.व्ही.ए. पर्यंतच्या इन्व्हर्टरांची अनिवार्य नोंदणी २०१२ च्या आदेशात २०१४ मध्ये झालेल्या वाढीमुळे लागू झाली. तोपर्यंत राज्यातील भारनियमनाचा सर्वांत कठीण काळ उलटून गेला होता.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मालिकेतील जनित्रसंचाविषयीचा भाग याबाबत अधिक नेमका आहे. पर्यायी स्रोत मुख्य पुरवठ्याशी समांतर चालू शकणार नाही अशी यांत्रिक वा विद्युत अडवणूक त्यात आवश्यक मानली आहे. तसेच स्रोत बदलल्यावर संरक्षणासाठी कंपनीच्या भूयोजनावर विसंबून राहू नये, असेही बजावले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतही कलम ७०२ खाली घरमालकाने स्वेच्छेने बसविलेल्या पर्यायी पुरवठ्याचा स्वतंत्र विचार आढळतो. भारतात आय.एस. ७३२ ची २०१९ ची सुधारित आवृत्ती आंतरराष्ट्रीय मालिकेच्या जवळ आली.

२००३ नंतरचे परिवर्तन

विद्युत अधिनियम, २००३ हा १० जून २००३ रोजी अमलात आला. त्याने वीजनिर्मिती परवानामुक्त केली. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कलम १८५ अन्वये १९५६ चे नियम नवे विनियम होईपर्यंत चालू राहिले. कलम ५३ खालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये आले. म्हणजे महाराष्ट्रातील तीव्र भारनियमनाच्या वर्षांत घरगुती संचांचे नियमन झाले ते १९५६ च्या चौकटीतच. २०१० च्या विनियमांनी निरीक्षणासाठीची जनित्राची क्षमता ठरविण्याचे काम शासनाच्या अधिसूचनेकडे दिले. निकष मात्र क्षमतेचाच राहिला. या विनियमांची जागा पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली.

खरा बदल वेगळ्या वाटेने आला. २०१३ मध्ये प्राधिकरणाने विखुरलेल्या निर्मिती साधनांच्या जोडणीसाठी तांत्रिक मानके विनियमित केली आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरसंचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले. २०१३ च्या विनियमांनुसार तारांवरील पुरवठा गेल्यास ग्राहकाच्या साधनाने दोन सेकंदांच्या आत वीज देणे थांबविले पाहिजे. शिवाय हाताने चालविता येणारा विलगीकरण स्विच हवा, तो उघडा आहे हे डोळ्यांना दिसले पाहिजे, उघड्या स्थितीत त्याला कुलूप लावता आले पाहिजे आणि कंपनीच्या कर्मचाऱ्याला दिवसरात्र केव्हाही तेथपर्यंत पोहोचता आले पाहिजे. वीज गेल्यावर छतावर ऊन असूनही साधा सौरसंच बंद का पडतो, याचे अनेक ग्राहकांना आश्चर्य वाटते. त्याचे उत्तर या तरतुदीत आहे.

या तरतुदी १९५६ च्या नियम ४७-अ शी ताडून पाहिल्या असता दृष्टिकोनातील अंतर कळते. येथे प्रथमच नियमाने क्षमता बाजूला ठेवून जोडणीकडे पाहिले. ग्राहकाच्या घरातील स्विचवर लाइनमनचा हक्क मान्य झाला. मात्र हे घडले ते घर वीज विकू लागल्यानंतर. वीज तारांवर येण्यात हिशेबाचा प्रश्न निर्माण झाला, तेव्हा जोडणीची नोंद, तपासणी आणि मीटर आले. ज्या जनित्राची वीज कोणाच्याही हिशेबात नव्हती, त्याचा स्विच बंद दाराआडच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या एक कोटी घरांच्या सूर्यघर योजनेमुळे नोंद असलेल्या संचांची संख्या वाढत आहे. त्याच घरांत जुना इन्व्हर्टर आणि बॅटरीही असू शकते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

निष्कर्ष

१. भारतीय विद्युत कायद्याची मूळ रचना वीज एकाच दिशेने वाहते या गृहीतावर उभी होती. घरगुती पर्यायी पुरवठ्याने हे गृहीत व्यवहारात मोडले, कायद्यात ते दीर्घकाळ टिकून राहिले.

२. १९५६ च्या नियमांत आवश्यक तत्त्वे विखुरलेल्या स्वरूपात होती. परवानाधारक कारागीर, भूयोजन, पूर्वसूचना या तिन्ही गोष्टी त्यांत आढळतात. परंतु मान्यतेचा निकष क्षमतेवर आधारलेला असल्याने घरगुती साधने तपासणीच्या कक्षेबाहेर राहिली.

३. भारनियमनाच्या काळात संहितेचे काम प्रत्यक्षात वायरमनने केले. त्याच्या कौशल्यावर असंख्य घरे सुरक्षित राहिली. तथापि कौशल्य हा नियमाचा पर्याय होऊ शकत नाही, कारण त्याच्या अभावाची किंमत घरमालक देत नाही, ती खांबावरील कर्मचारी देतो.

४. सौरऊर्जेसाठी केलेल्या तरतुदींनी जोडणीकेंद्री नियमनाचा नमुना उपलब्ध करून दिला आहे. विलगीकरणाचे तेच तत्त्व लहान जनित्रांना व इन्व्हर्टरांना लागू करणे, विक्रेत्याने साधनासोबत चेंजओव्हर स्विच आणि परवानाधारकाचा चाचणी अहवाल देणे, आणि त्याची नोंद ग्राहकाच्या वीजखात्यात होणे, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

महावितरण आज आपल्या लाइनमनला 'जनमित्र' म्हणते. १८८७ च्या कायद्याने व्यक्तीच्या संरक्षणाचा जो हेतू सांगितला होता, तो या जनमित्राच्या बाबतीत कितपत साध्य झाला, हे तपासावयाचे असेल तर वीजनिर्मितीच्या आकडेवारीइतकेच घराच्या मीटरशेजारील त्या एका स्विचकडेही इतिहासाच्या अभ्यासकाने पाहणे आवश्यक आहे.